ओठावर जर (तापाचा फोड) उठतो तेव्हा: पहिल्या चुणचुणीपासून खपली पडेपर्यंत काय करायचं

माझ्या वरच्या ओठाच्या डाव्या कडेला एक तांदळाच्या दाण्याएवढी जागा आहे, वर्षातून दोन-तीनदा तरी तिथे चुणचुण सुरू होते. आरशात बघितलं तर काहीच दिसत नाही, ओठ नेहमीसारखाच, पण जिभेने चाचपलं की तेवढाच भाग जरा जाड आणि गरम लागतो आणि तिथे मुंग्या आल्यासारखं होत राहतं. पूर्वी मी सकाळी बघू म्हणून झोपून जायचे. सकाळी उठेपर्यंत तिथे टाचणीच्या डोक्याएवढ्या पाच-सहा फोडांचा झुबका आलेला असायचा आणि मग पुढचे आठ-दहा दिवस हसताना, जेवताना, दात घासताना, सगळीकडे तोच. आता चुणचुण जाणवली की मी रात्रीचे बारा वाजलेले असले तरी उठते, औषध घेते आणि मगच झोपते, आणि ह्या एका सवयीने जेवढा फरक पडलाय तेवढा आजवर लावलेल्या कुठल्याच लेपाने पडला नाही. ह्या दुखण्यात खरी किंमत पहिल्या काही तासांना आहे. म्हणून औषध फोड आल्यावर आणायला धावायचं नसतं, ते आधीच घरात असायला हवं. पुढे जे लिहिलंय ते सगळं हेच धरून वाचा.

हे नक्की असतं काय

आपल्याकडे ह्याला कोणी जर म्हणतं, कोणी ताप उतला म्हणतं, कारण तापानंतर बऱ्याचदा येतो. आतली उष्णता बाहेर पडली असंही म्हणतात, पण ते तसं नाहीये. हा एका विषाणूचा फोड आहे, नाव हर्पीस सिम्प्लेक्स, त्याचे दोन प्रकार आहेत आणि ओठावर येतो तो बहुतेक वेळा पहिला प्रकार, म्हणजे एचएसव्ही-१. हर्पीस शब्द ऐकला की लोक एकदम दचकतात, कारण तो गुप्तरोगाशी जोडला गेलाय, त्यामुळे आधीच सांगते की जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ५० वर्षांखालच्या साधारण ३८० कोटी लोकांच्या शरीरात हा पहिला प्रकार आहे, म्हणजे शंभरातल्या ६४ जणांच्या. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्याच कोणाच्या तरी पाप्यातून मिळालेला असतो. ह्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, खरंच नाही. कितीतरी जणींना मी तोंडावर रुमाल धरून बोलताना बघितलंय आणि मला फार वाईट वाटतं.

विषाणू एकदा आत शिरला की तो तिथून जात नाही. चेहऱ्याची संवेदना नेणारी जी मोठी नस आहे, ट्रायजेमिनल नावाची, तिच्या मुळाशी कानाच्या थोडं पुढे कवटीच्या आत पेशींचा एक गुच्छ असतो, त्यात तो गप्प पडून राहतो, कधीकधी आयुष्यभर. शरीराला तो तिथे दिसतच नाही म्हणायला हरकत नाही, आणि औषधंही त्याला तिथून हुसकावू शकत नाहीत. मग कधीतरी ऊन, ताप, दगदग असं काहीतरी निमित्त झालं की तो जागा होतो आणि त्याच नसेवरून खाली सरकत ओठाच्या कातडीपर्यंत येतो. म्हणूनच फोड दरवेळी जवळपास त्याच जागी उठतो आणि म्हणूनच फोड दिसायच्या आधी चुणचुण होते, ती नस आधी सांगत असते. हर्पीस हा शब्द ग्रीक भाषेत सरपटण्याच्या क्रियापदावरून आलाय, मला तो फार नेमका वाटतो. विषाणू अंगात असलेल्या बहुतेकांना फोड कधीच येत नाही, काहींना एक-दोनदा येऊन थांबतो, आणि काही जणांना मात्र वरचेवर येत राहतो. वय वाढतं तसं बऱ्याच जणांचं प्रमाण आपोआप कमी होतं, हे वरचेवर त्रास होणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणखी एक गोंधळ, नागीण म्हणजे हा नव्हे. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, तो ह्याच कुळातला पण वेगळा विषाणू आहे, तिचे फोड अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे येतात आणि तिची औषधाची मात्राही वेगळी असते.

आधी खात्री करा की हा जरच आहे

ओठावर आलेलं सगळंच जर नसतं आणि चुकीच्या गोष्टीवर चुकीचं औषध लावत बसलं की आठवडा वाया जातो. तोंडाच्या आत, गालाच्या आतल्या मऊ भागावर किंवा जिभेच्या कडेला पांढरट-पिवळा खड्डा पडतो आणि भोवती लाल कडा असते, ते तोंड येणं, त्याचा ह्या विषाणूशी काही संबंध नाही आणि ते कोणाला लागतही नाही. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत चिरा पडून तोंड उघडताना ओढ बसते ते वेगळं, तिथे बऱ्याचदा बुरशी असते किंवा अंगात लोह, बी जीवनसत्त्वं कमी पडलेली असतात, शिवाय ते दोन्ही बाजूंना होतं, जर शक्यतो एकाच बाजूला उठतो. मधासारख्या रंगाच्या खपल्या भराभर नाकाखाली पसरत चालल्या, विशेषतः लहान मुलात, तर ते जिवाणूंचं इन्फेक्शन असू शकतं आणि त्याला अँटिबायोटिक लागतं. आणि ओठाच्या कडेचा पिंपल हा एकटा असतो, मधे पांढरं टोक असतं, दाबलं की दुखतो.

जराची खूण म्हणजे आधी चुणचुण किंवा आग, मग एकाच ठिकाणी बारीक बारीक पाण्याच्या फोडांचा झुबका, तोही ओठ आणि कातडी जिथे मिळतात त्या रेषेवर. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही आलं असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. शंका असेल तर ते ताज्या फोडातल्या पाण्याचा नमुना घेऊन पीसीआर तपासणी, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी, करू शकतात. रक्ताच्या तपासणीत फक्त विषाणू कधीतरी अंगात शिरला एवढंच कळतं, आत्ताचा फोड त्याचाच आहे का ते कळत नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवायची सहसा गरज नसते.

कुठल्या दिवशी काय होतं

पहिले काही तास, कधी एखादा दिवस, नुसती चुणचुण, खाज, हुळहुळणं. मग लाल होऊन सूज आणि त्यावर फोड. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड एकमेकांत मिसळून फुटतात आणि तिथे ओली जखम होते, लस येत राहते, हा सगळ्यात दुखरा आणि सगळ्यात जास्त पसरवणारा टप्पा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पिवळट-तपकिरी खपली धरते, ती बोलताना-हसताना तडकते, रक्त येतं, पुन्हा धरते. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास खपली पडून खाली गुलाबी कातडी दिसते आणि ती गुलाबी छटा पुढे थोडे दिवस राहते. औषध न घेताही हे असंच बरं होतं, डाग सहसा राहत नाही. ज्यांचे डाग राहतात त्यांनी बहुधा खपली नखाने काढलेली असते.

पहिल्यांदा जेव्हा विषाणू अंगात शिरतो तेव्हाचा त्रास मात्र कधीकधी फार मोठा असतो, विशेषतः सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत. ताप येतो, हिरड्या लाल होऊन सुजतात, तोंडभर फोड येतात, मानेच्या गाठी सुजतात, पोर लाळ गाळत राहतं आणि पाणीसुद्धा घ्यायला तयार होत नाही. आईवडिलांना वाटतं दात येतायत. इथे खरा धोका फोडांचा नसून पाणी कमी पडण्याचा असतो, त्यामुळे चमच्या-चमच्याने गार पातळ काहीतरी पाजत राहायचं, लघवी किती वेळा होतेय ते मोजायचं आणि डॉक्टरकडे पहिल्या दोन-तीन दिवसांतच न्यायचं, कारण विषाणूवरचं औषध द्यायचं ठरलं तर तेव्हाच त्याचा उपयोग. आणि मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन कधीच नाही.

चुणचुण जाणवली, आता पहिल्या तासात काय

हात धुवा, साबणाने, नीट वीस सेकंद. मग औषध. गोळी आधीच डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तर ती घ्या, नसेल तर क्रीम लावा. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यात असतील तर ओठाला हात लावायच्या आधी त्या काढून ठेवा, हे मी सगळ्यांना बजावून सांगते, कारण ओठावरचा विषाणू बोटाने डोळ्यात गेला तर ते प्रकरण फार वाईट. त्यानंतर बर्फाचा खडा पातळ स्वच्छ कापडात गुंडाळून पाच-सात मिनिटं हलकेच धरायचा, थेट कातडीवर नाही, दिवसातून तीन-चार वेळा. त्याने विषाणू मरत नाही पण आग आणि सूज उतरते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, ज्याला जे चालतं ते. आणि शक्य असेल तर त्या रात्री लवकर झोपा. मी हे असंच शेवटी लिहिलं नाहीये, जागरण केलं की माझा फोड मोठा होतो हे मी बऱ्याच वेळा अनुभवलंय.

औषधं कुठली आणि किती काम करतात

असायक्लोव्हिर हे ह्यातलं मूळ औषध. गरट्रूड एलियन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगशाळेतलं ते काम, त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्यातली युक्ती फार सुंदर आहे, हे औषध आपल्या पेशीत नुसतं पडून असतं, विषाणूचं स्वतःचं एक एन्झाइम असतं ते त्याला चालू करतं, आणि चालू झालेलं औषध विषाणूच्याच डीएनएची नक्कल मधेच तोडतं. म्हणजे ज्या पेशीत विषाणू आहे तिथेच ते काम करतं, बाकी पेशींना त्रास कमी. आणि वेळेचं महत्त्व इथूनच कळतं: औषध फक्त नक्कल थांबवतं, आधीच बनलेल्या विषाणूंनी जे नुकसान केलं ते भरून काढत नाही. फोडाचं पाणी दिसायला लागतं तोपर्यंत विषाणूचं बरंचसं काम उरकलेलं असतं. म्हणून तिसऱ्या दिवशी क्रीम लावायला सुरुवात करून उपयोग झाला नाही म्हणणाऱ्यांचं खरं असतं, पण दोष क्रीमचा नसतो.

पाच टक्क्यांची असायक्लोव्हिर क्रीम दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस लावायची असते. दोनदा लावून भागत नाही. बोटाने चोळायची नाही, कापसाच्या काडीने टेकवायची, आणि लावल्यावर परत हात धुवायचे. खरं सांगायचं तर क्रीमने साधारण अर्धा ते एक दिवस वाचतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. डोकोसॅनॉल नावाची दहा टक्क्यांची क्रीम काही देशांत चिठ्ठीशिवाय मिळते, तीही दिवसातून पाच वेळा, तिचा फायदाही साधारण तेवढाच.

गोळीचा परिणाम क्रीमपेक्षा चांगला होतो, आणि वरचेवर त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांशी ह्याच विषयावर बोलावं असं मला मनापासून वाटतं. व्हॅलसायक्लोव्हिर मोठ्या माणसांना दोन ग्रॅम चुणचुण सुरू होताच आणि बारा तासांनी पुन्हा दोन ग्रॅम, बस, एका दिवसाचा कोर्स. फॅमसायक्लोव्हिर दीड ग्रॅम, एकदाच. हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, किडनीचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, दुसरी औषधं चालू असतील तर ते सगळं डॉक्टरांना सांगावं लागतं. पण एकदा त्यांनी तपासून लिहून दिलं की त्यांनाच विचारा, पुढच्या वेळेसाठी एक कोर्स घरात ठेवू का. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. मी ती पट्टी पाकिटात ठेवते, कपाटात नाही, कारण चुणचुण घरीच सुरू होईल असं थोडीच आहे. एक्स्पायरीची तारीख मात्र बघत राहायची.

वर्षातून सहा किंवा जास्त वेळा येत असेल, किंवा दरवेळी फार मोठा येत असेल, तर रोज थोड्या मात्रेत गोळी काही महिने घ्यायचा पर्याय असतो. त्याने फोड पूर्ण थांबतीलच असं नाही पण कमी होतात. काही जण ठरावीक निमित्ताआधी तेवढ्यापुरतं औषध घेतात, जसं चेहऱ्यावर लेझर करायचं असेल किंवा ओठांत फिलर घ्यायचं असेल, तिथे तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं की मला जर येतो.

फोड फुटला, आता जखम सांभाळायची

ह्या टप्प्यात औषधापेक्षा हात आवरणं महत्त्वाचं. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायचं, मऊ कापडाने टिपायचं, ते कापड लगेच धुवायला टाकायचं. मग वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, कापसाच्या काडीनेच, कारण बोट डबीत घातलं की सगळी डबी खराब. मला आधी वाटायचं की जखम कोरडी ठेवली की लवकर भरते आणि मी ती वाळवत बसायचे, तर खपली इतकी कडक व्हायची की जांभई दिली तरी तडकायची. ओलावा राहिला की खपली मऊ राहते, कमी तडकते. ह्याच कामासाठी हायड्रोकोलॉइडचे छोटे पारदर्शक चिकट पॅच मिळतात, ते लावले की हातही लागत नाही, खपली दिसतही कमी, कामावर जाताना बरं पडतं. पॅचच्या खाली क्रीम लावायची नाही, तो चिकटत नाही.

खाताना आंबट, खारट, तिखट आणि फार गरम टाळा, जखमेला लागलं की डोळ्यात पाणी येतं. टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं थोडे दिवस बाजूला. पाण्याचे घोट घेताना त्रास होत असेल तर स्ट्रॉ वापरा आणि ती दुसऱ्या कोणाला देऊ नका.

जखमेभोवती लाली वाढत चालली, पू दिसला, ठणका लागला, तर वरून जिवाणूंचं इन्फेक्शन झालेलं असू शकतं, तेव्हा दाखवा. नुसत्या जरावर अँटिबायोटिकचा शून्य उपयोग आहे.

नैसर्गिक उपायांबद्दल, जे मला खरंच माहीत आहे तेवढंच

मी नैसर्गिक उपायांच्या विरोधात अजिबात नाही, स्वतः वापरते. पण कुठला उपाय दुखणं हलकं करतो आणि कुठला विषाणूवर काही करतो ह्यात फरक आहे, आणि तो कोणी नीट सांगत नाही.

मध. ह्यावर एक चांगला मोठा अभ्यास झालाय, न्यूझीलंडमध्ये, २०१९ साली छापून आला. ९५२ मोठी माणसं घेतली, अर्ध्यांना असायक्लोव्हिरची क्रीम आणि अर्ध्यांना कानुका नावाच्या झाडाच्या मधाची औषधी क्रीम. क्रीमवाले आठ दिवसांत बरे झाले, मधवाले नऊ दिवसांत, आणि हा फरक आकडेशास्त्राच्या हिशोबात धरण्याएवढा नव्हता. वाचून आनंद होतो पण दोन गोष्टी विसरू नका, तो मध निर्जंतुक केलेला औषधी मध होता, आणि क्रीमचाच फायदा मुळात थोडा असतो, त्यामुळे तिच्या बरोबरीचा म्हणजे चमत्कार नव्हे. ज्यांना क्रीम चालत नाही त्यांनी औषधी मध लावून बघायला हरकत नाही. एक वर्षाखालच्या बाळाच्या ओठाला किंवा तोंडात मध लावायचा नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

लेमन बाम म्हणून पुदिन्याच्या कुळातली एक वनस्पती आहे, तिच्या अर्काच्या एक टक्का क्रीमवर छोटे अभ्यास झालेत आणि सुरुवातीलाच लावली तर लक्षणं थोडी कमी झालेली दिसली. मधमाश्या पोळं लिंपायला जो चिकट पदार्थ वापरतात तो प्रोपोलिस, त्याच्या क्रीमचंही साधारण तसंच, पण मधमाश्यांशी संबंधित गोष्टींची अ‍ॅलर्जी असेल तर लांब राहा. झिंक ऑक्साइडच्या क्रीमवरही थोडा पुरावा आहे. कोरफडीचा गर गार वाटतो, कातडी मऊ राहते, मी लावते, पण त्याने फोड लवकर जातो असं मी म्हणणार नाही.

लायसिनच्या गोळ्या हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कल्पना अशी की विषाणूला वाढायला आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल लागतं आणि लायसिन त्याच्या आड येतं, म्हणून लायसिन घ्या आणि शेंगदाणे, बदाम, चॉकलेट बंद करा. ऐकायला पटतं. पण फोड येऊ नये म्हणून काय काय उपयोगी पडतं ते सगळे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन ह्या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये तपासलं तेव्हा लायसिनचा फायदा सिद्ध झाला नाही. माझी एक जवळची मैत्रीण दोन वर्षं सुकामेवा खात नव्हती ह्या एका कारणासाठी, आणि फोड यायचे ते येतच होते. एखाद्या गोष्टीने तुम्हाला दरवेळी फोड येतोय असं दिसलं तर ती सोडा, नाहीतर उगीच ताटातलं कमी करू नका.

टी ट्री ऑइल लावायचंच असेल तर दुसऱ्या तेलात भरपूर पातळ करून, आणि तोंडात जाणार नाही असं, कारण ते पोटात गेलं तर विषारी आहे. खरं म्हणजे ओठ ही जागाच अशी आहे की लावलेलं सगळं थोडंफार पोटात जातं, म्हणून मी ते वापरत नाही.

आणि हे अजिबात लावू नका: टूथपेस्ट, ठेचलेला लसूण, लिंबाचा रस, मीठ, चुना, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर. ह्यांनी फोड वाळल्यासारखा वाटतो कारण कातडी भाजलेली असते. मी कॉलेजमध्ये असताना रात्रभर ठेचलेला लसूण बांधून ठेवला होता, सकाळी ओठाखाली नखाएवढा काळपट चट्टा, जर दहा दिवसांत गेला आणि तो डाग जायला सहा महिने लागले. सुईने फोड फोडणं हेही तसंच, आतलं पाणी विषाणूंनी भरलेलं असतं, ते आजूबाजूला पसरतं. आणि घरात पडलेली खाजेची जुनी मलमं, ज्यात स्टेरॉइड असतं, ती तर नकोच, लाली उतरते म्हणून बरं वाटतं पण आतून विषाणूला मोकळं रान मिळतं.

दुसऱ्याला लागू नये म्हणून

चुणचुण सुरू झाल्यापासून खपली पूर्ण पडून नवी कातडी येईपर्यंत पापी नाही, कोणाचीच नाही. उष्टं नाही, ग्लास, चमचा, टॉवेल, लिपस्टिक, लिप बाम, रेझर वेगळे. मुखमैथुनही ह्या दिवसांत नाही, ओठावरचा हाच विषाणू त्यातून जननेंद्रियावर जातो आणि तिथे जननेंद्रियाचा हर्पीस होतो, हे बऱ्याच जोडप्यांना माहीतच नसतं आणि मग घरात नको ते संशय सुरू होतात. फोड नसतानाही अधूनमधून लाळेतून थोडा विषाणू बाहेर पडत असतो, त्यामुळे जोखीम कधी शून्य होत नाही, पण ओल्या फोडाच्या दिवसांत ती सगळ्यात जास्त असते, तेवढे दिवस तरी पाळा. फोड बरा झाल्यावर टूथब्रश बदललेला बरा, आणि फोडावर फिरवलेला लिप बाम टाकून द्या. दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट असेल तर फोन करून पुढे ढकला, त्यांच्या बोटांनाही हे होऊ शकतं आणि तुमचाही ओठ ताणून जखम वाढते. कुस्तीसारखा अंगाला अंग लागणारा खेळ खेळत असाल तर खपली पडेपर्यंत सराव बंद.

तान्ह्या बाळाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. बहिणीचं बाळ बारा दिवसांचं असताना मी बघायला गेले, ओठावर वाळत आलेली खपली होती, आणि मी दारातच थांबून सांगितलं की मी बाळाला घेणार नाही. बाकीच्यांना ते फार वाटलं, मावशी असून बाळाला हात लावत नाही म्हणून. पण नवजात बाळाची प्रतिकारशक्ती इतकी कच्ची असते की हा विषाणू त्याच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोचू शकतो आणि जीवावर बेततं. पहिले काही आठवडे तर फारच जपायचं. आईलाच फोड आला असेल तर तिने मास्क लावायचा, हात धुवायचे, पापी घ्यायची नाही, दूध पाजायला हरकत नाही, फक्त स्तनावर फोड असेल तर त्या बाजूने पाजू नये आणि लगेच डॉक्टरांना विचारावं.

परत परत येऊ नये म्हणून

लस अजून तरी नाही, त्यामुळे सगळा भर निमित्तं ओळखण्यावर. मोबाइलमध्ये एक साधी नोंद ठेवा, चुणचुण कधी सुरू झाली आणि आधीच्या तीन दिवसांत काय झालं होतं, ऊन, ताप-सर्दी, जागरण, पाळी, मोठं टेन्शन, दाताचं काम, ओठ फाटणं. पाच-सहा नोंदी झाल्या की बहुतेकांना आपलं निमित्त दिसतं. माझं ऊन आणि जागरण एकत्र आलं की ठरलेलंच.

उन्हाचं तर फार ठळक आहे. १९९१ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात छापलेला एक अभ्यास आहे, ३८ माणसांच्या ओठांवर मुद्दाम अतिनील किरण सोडले, नुसतं साधं क्रीम लावलेलं होतं तेव्हा २७ जणांना फोड आला, सनस्क्रीन लावलं तेव्हा एकालाही नाही. खऱ्या उन्हातल्या अभ्यासांत इतकं स्वच्छ उत्तर मिळालेलं नाही, बहुधा चाटून, पुसून ते निघून जातं म्हणून, पण स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे, करायला काय जातं. ३० किंवा जास्त एसपीएफचा लिप बाम, बाहेर पडायच्या आधी, दर दोन तासांनी परत, आणि खाल्ल्या-प्यायल्यानंतर परत. बर्फाच्या जागी आणि पाण्याजवळ जास्तच, तिथून ऊन परतून येतं. थंडीवाऱ्यात ओठ फुटू देऊ नका आणि ओठाची सालं दाताने ओढायची सवय असेल तर ती मोडा.

डॉक्टरकडे कधी जायचंच

डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, अंधुक दिसायला लागलं, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कारण विषाणू बुबुळावर गेला तर नजर जाऊ शकते, आणि तोपर्यंत घरातले कुठलेही थेंब घालू नका, स्टेरॉइडचे तर नाहीच. एक्झिमा (इसब) असलेल्या माणसाच्या अंगावर असे फोड भराभर पसरायला लागले तर ती इमर्जन्सी आहे. कीमो चालू असेल, अवयव बदललेला असेल, एचआयव्ही असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर पहिल्याच चुणचुणीला फोन करा. दोन आठवडे झाले तरी फोड भरत नाही, किंवा दर महिन्याला येतोय, तेव्हाही दाखवायचं. ताप, जोराची डोकेदुखी आणि त्याबरोबर बरळणं, झटका, वागण्यात फरक, असं क्वचितच होतं पण झालं तर थेट हॉस्पिटल. आणि एक-दीड महिन्याच्या आतल्या बाळाला फोड दिसला, ताप आला, ते दूध ओढेना किंवा सुस्त पडलं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, आहे त्या कपड्यांत निघायचं.